सूर्य उगवत नाही त्या गावातली संक्रांत

पंचवटीची लेक (मुक्काम ट्रोम्सो, नॉर्वे)

नमस्कार. माझे माहेर पंचवटीतले, सासर कॉलेज रोडचे, आणि गेली आठ वर्षे आमचा संसार नॉर्वेच्या उत्तर टोकाकडील ट्रोम्सो या गावात आहे. परदेशातल्या गणपतीविषयी आणि दिवाळीविषयी पुष्कळ लिहिले जाते. संक्रांतीविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही, आणि मला तर आठही वर्षे सर्वांत जास्त विचार करायला लावला तो याच सणाने. म्हणून हा धागा.

नाशिक साधारण विसाव्या अक्षांशावर आहे आणि आमचे गाव जवळजवळ सत्तराव्या. २७ नोव्हेंबरच्या आसपास येथे सूर्य क्षितिजाखाली जातो तो १५ जानेवारीच्या सुमारास पुन्हा वर येतो, आणि तेव्हाही गावाच्या दक्षिणेकडील डोंगर आड येत असल्यामुळे गावातून तो दिसायला २१ जानेवारी उजाडावी लागते. मधले दिवस अगदी काळेकुट्ट नसतात. दुपारी दोनतीन तास शाईत पाणी घातल्यासारखा निळा उजेड पसरतो आणि दक्षिणेला आभाळाची कड गुलाबी होते, पण बिंब काही दिसत नाही. म्हणजे ज्या सणाचा देवच सूर्य, तो सण नेमका देव गैरहजर असताना करायचा.

पहिल्या वर्षी मी हे मनाला लावून घेतले होते. लहानपणी संक्रांतीच्या सकाळी आजी आम्हाला रामकुंडावर घेऊन जायची. गंगेच्या पाण्याची हुडहुडी, ओल्या पायऱ्या, आणि पूर्वेकडे तोंड करून आजीच्या ओंजळीतून निसटणारी पाण्याची धार एवढे माझ्या डोळ्यांपुढे स्पष्ट आहे. (बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो.) येथे त्या सकाळी मी तांब्या घेऊन खिडकीशी उभी राहिले तेव्हा बाहेर रस्त्यावरचे दिवे आणि बर्फ यांखेरीज काहीच नव्हते, आणि अर्घ्य द्यायचे तरी कुठे, हे मला कळेना. शेवटी दुपारी बाराच्या सुमारास दक्षिणेला ती गुलाबी कड उमटली, तेव्हा तिच्याकडे तोंड करून पाणी सोडले. तेव्हापासून आमच्या घरी संक्रांतीचे अर्घ्य दुपारी आणि दक्षिणेकडेच दिले जाते, आणि माझ्या मुलीला तीच सूर्याची दिशा वाटते. ते चूक आहे असे मला आता वाटत नाही, कारण त्या दिवसांत सूर्य खरोखरच तिकडे, डोंगराच्या पलीकडे असतो.

सामानाविषयी. तीळ कोणत्याही दुकानात मिळतात, गाजरे उत्तम मिळतात, मटार आणि वांगी मिळतात. बाजरीचे पीठ आणि गूळ श्रीलंकेतून आलेल्या एका तमिळ गृहस्थांच्या दुकानात मिळतो. उत्तर नॉर्वेत मासळीच्या कारखान्यांत कामासाठी आलेली तमिळ कुटुंबे ऐंशीच्या दशकापासून स्थायिक आहेत, हे मला येथे आल्यावरच कळले. ओला हरभरा, बोरे, ऊस आणि पावटा यांचे नाव काढायचे नाही. भोगीची भाजी मी गाजर, वांगे, मटार, बटाटा आणि सालासकट भिजवलेले हरभरे यांची करते, तिळाचे कूट सढळ हाताने घालते, आणि तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीबरोबर लोण्याचा गोळा वाढते. भाजी गंगेवरच्या बुधवारच्या बाजारातल्या ताज्या भाजीसारखी लागत नाही. तरीही तिळाचा तो वास कढईतून उठला की घरात भोगी येते.

पहिल्या वर्षी गूळ मिळाला नव्हता, म्हणून गडद तपकिरी साखरेच्या पाकात तिळाचे लाडू वळायला गेले. पाक कधी पुढे गेला ते कळलेच नाही. लाडू असे झाले की मुलीच्या बाबांनी एक पोळपाटावर आपटला, तरी त्याला चीर गेली नाही, आणि मी स्वयंपाकघरातच बसून रडले. लाडवांसाठी कोणी रडत नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होते. त्या वर्षी आई नुकतीच गेली होती.

आता माझा मुख्य मुद्दा. येथील काही मराठी मैत्रिणी म्हणतात की आपण सणाच्या दिवशी कामावर असतो, हळदीकुंकू शनिवारी करतो, बोरांऐवजी दुसरेच काहीतरी वापरतो, म्हणजे आपण सण पाळत नसून त्याची नक्कल करतो. मला हे पटत नाही. दसऱ्याचे सोने दसऱ्यालाच लुटायचे असते. पण संक्रांत हा मुळातच ऐसपैस सण आहे. आदल्या दिवशी भोगी, दुसऱ्या दिवशी किंक्रांत, आणि हळदीकुंकू व वाण तर थेट रथसप्तमीपर्यंत चालते. आपल्या आज्या-पणज्यांनीही एकाच दिवशी साऱ्या आळीत जाणे शक्य नाही हे ओळखूनच ही मुभा ठेवली असणार. यंदा, म्हणजे २०२६ मध्ये, संक्रांत बुधवारी, १४ जानेवारीला आहे आणि रथसप्तमी रविवारी, २५ जानेवारीला. म्हणजे १७ आणि २४ हे दोन्ही शनिवार आपल्या हक्काचे आहेत. शनिवारी हळदीकुंकू करणारी बाई तडजोड करत नाही, परंपरेने दिलेली सवलतच वापरते, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. २१ जानेवारी हा आमच्या गावात सूर्यदिन म्हणून साजरा होतो. शाळेतली मुले सूर्य पाहायला बाहेर येतात आणि गावभर जॅम भरलेले, साखर लावलेले तळलेले गोल पाव खाल्ले जातात, ज्यांना ‘सूर्याचे पाव’ असेच म्हणतात. मुलगी बालवाडीतून तो पाव पहिल्यांदा घरी घेऊन आली तेव्हा मी तिच्या हातावर तिळगूळ ठेवला. थंडीत तेलातुपाचे आणि गोडाचे खाऊन सूर्याचे स्वागत करायचे, हे या लोकांनाही आपल्यासारखेच सुचलेले पाहून परकेपणा एका दिवसात निम्मा झाला.

आता दोन प्रश्न. एक, घरी काटेरी हलवा करायचा आहे, कारण मैत्रिणीच्या बाळाचे बोरन्हाण आहे आणि भारतातून मागवलेले हलव्याचे दागिने मागच्या वर्षी ओलसर होऊन चिकटलेल्या अवस्थेत पोहोचले. हलवा मी कधीच केलेला नाही. दोन, सुगडे. कुंभारवाड्यातून आणलेल्या जोडीतले एक फुटले. येथे मातीच्या लहान कुंड्या मिळतात, त्या चालतील का?

तिवंध्याच्या काकू

चिरंजीव ताई, तुझे लिहिणे वाचून आधी डोळे पुसले आणि मग लिहायला बसले. लाडवांसाठी रडण्यात काहीही चूक नव्हते.

हलव्याचे आधी सांगते, कारण दिवस थोडे आहेत. हलव्याला काटा येतो तो थंड आणि कोरड्या हवेत. आमच्या वाड्यात सासूबाई पौषात पहाटे उठून शेगडीवर परात ठेवायच्या आणि ऊन तापले की थांबायच्या. तुमच्याकडची हवा या कामाला आमच्यापेक्षा चांगली असेल. मात्र घर फार तापवू नकोस आणि पंखा किंवा वाऱ्याचा झोत परातीवर येऊ देऊ नकोस. पसरट, जाड बुडाच्या भांड्यात मूठभर स्वच्छ तीळ घे. साखर आणि पाणी उकळून त्यात चमचाभर दूध घाल, म्हणजे मळी वर येईल, ती काढून टाक आणि एकतारी पाक कर. भांडे अगदी मंद आचेवर ठेव. तुमच्याकडे विजेच्या शेगड्या असतात असे माझा भाचा सांगतो; तेव्हा खाली लोखंडी तवा ठेवून त्यावर भांडे ठेव, म्हणजे आच सौम्य होईल.

आता खरे काम. पाक एका वेळी एकच चमचा घालायचा आणि बोटांच्या टोकांनी तीळ हलके हलके फिरवत राहायचे. पाक सुकला, तीळ सुटे झाले आणि पांढरे दिसू लागले की मगच दुसरा चमचा. घाई करून दोन चमचे घातलेस तर गोळा होतो आणि सारे वाया जाते. परातीच्या तळाशी साखरेची पूड साठते, ती मधूनमधून चाळून काढायची, नाहीतर काटा मोडतो. पहिल्या दिवशी नुसता पांढरा थर बसेल आणि तू निराश होशील. दुसऱ्या दिवशी दाणा गोल होईल. काटा तिसऱ्या दिवशी दिसायला लागतो. रोज दोन-अडीच तास दे. शेजारी ओले फडके ठेव, बोटे भाजली की त्यावर टेकवायची.

लाडवांच्या पाकाची परीक्षाही सांगून ठेवते. चिक्कीचा गूळ नसेल तर साधा चालतो, पण वाटीभर गार पाण्यात पाकाचा थेंब टाकायचा, त्याची गोळी करायची आणि ताटलीवर टाकायची. टणकन वाजली की लगेच आच बंद. त्यानंतर क्षणभरही थांबायचे नाही, आणि हाताला तूप लावून गरम असतानाच वळायचे.

कुंडीला तळाशी भोक असते. सुगड हा शब्द सुघट यावरून आल्याचे सांगतात, आणि घट म्हणजे मडके, ते भरलेलेच हवे. त्याला खालून गळती कशी चालेल? त्यापेक्षा नाशकातल्या तांबट लेनचा एखादा पितळी गडू घरात असेल तर तो वापर, किंवा भोक नसलेली कोणतीही मातीची वाटी घे. त्यात गाजर, तीळ, गव्हाचे दाणे, हळदकुंकू घाल आणि दोरा गुंडाळ. कुंभाराच्या चाकावरची नसली तरी माती ती मातीच.

निवृत्त शिक्षक, नाशिकरोड

ताईंच्या मुख्य मुद्द्याशी मी सहमत आहे, परंतु एक भेद स्पष्ट करावासा वाटतो. स्नान, अर्घ्य आणि दान यांचा संबंध सूर्याच्या संक्रमणाशी, म्हणजे पुण्यकाळाशी आहे. हळदीकुंकू, वाण आणि तिळगूळ यांचा संबंध माणसांशी आहे. पहिल्या गोष्टी शक्य तितक्या त्या दिवशीच कराव्यात आणि दुसऱ्या सवडीने केल्या तरी चालतात, असे मला वाटते. ताई नेमके हेच करत आहेत.

परदेशात राहणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. संक्रमणाचा क्षण साऱ्या पृथ्वीवर एकच असतो, घड्याळे मात्र वेगवेगळी असतात. यंदा तो क्षण भारतात १४ तारखेला दुपारी सव्वातीनच्या सुमारास आहे, म्हणजे नॉर्वेत त्याच दिवशी सकाळी पावणेअकराच्या सुमारास. परंतु २०२४ मध्ये तो भारतात १५ तारखेच्या पहाटे तीनच्या सुमारास होता, तेव्हा नॉर्वेत अजून १४ तारखेची रात्र होती. रात्री संक्रमण झाले तर पुण्यकाळ दुसऱ्या दिवशी धरतात, त्यामुळे त्या वर्षी दोन्हीकडे सण १५ तारखेलाच आला. अमेरिकेत राहणाऱ्यांचे गणित मात्र कधीकधी निराळे येते. त्यांनी भारतातली दिनदर्शिका भिंतीवर लावून तिच्यावर विसंबू नये, तर आपल्या गावाचे पंचांग पाहावे.

संक्रांत कायम १४ जानेवारीलाच असते, हा समजही दुरुस्त करायला हवा. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजी झाला, आणि तो दिवस मकर संक्रांतीचा होता. आपले वर्ष ताऱ्यांच्या संदर्भाने मोजले जाते आणि इंग्रजी वर्ष ऋतूंच्या संदर्भाने. दोहोंत सुमारे वीस मिनिटांचा फरक आहे. तो साठत जाऊन साधारण बहात्तर वर्षांत संक्रांत एक दिवस पुढे सरकते. दिवस मोठा होण्याची सुरुवात तर २२ डिसेंबरच्या आसपासच झालेली असते. तेव्हा जो सण स्वतःच तारखेतून हळूहळू सरकत आला आहे, त्याच्या एका शनिवारावरून परदेशातल्या मुलींनी अपराधी वाटून घ्यावे, हे मला मान्य नाही.

यंदा आणखी एक योग आहे. १४ तारखेला पौष वद्य एकादशी, म्हणजे षट्तिला एकादशीही आहे. ज्या घरांत एकादशीचा उपवास असतो तेथे त्या दिवशी गुळाची पोळी करता येणार नाही. आमच्याकडे तिळगूळ संक्रांतीला आणि पोळी दुसऱ्या दिवशी, असे ठरले आहे.

मेलबर्नवासी, मूळ गंगापूर रोड

ताईंच्या गावी सूर्य दिसत नाही, आमच्याकडे तो मावळायचे नाव घेत नाही. जानेवारीच्या मध्यावर मेलबर्नला दिवस साडेचौदा तासांचा असतो. सूर्य उत्तरेकडे सरकू लागला की आमचा दिवस लहान होत जातो, त्यामुळे उत्तरायण म्हणून आपण ज्याचे स्वागत करतो ते आमच्यासाठी प्रकाशाचे ओसरणे आहे. तीळ आणि गूळ हे उष्ण पदार्थ, आणि बाहेर कधीकधी चाळीस अंश तापमान. गुळाची पोळी डब्यात भरून ठेवली तर गूळ पाझरून सगळ्या पोळ्या एकमेकींना चिकटतात, म्हणून आम्ही त्या मोजक्याच करतो आणि गरमच वाढतो.

काळ्या साडीचेही तसेच. काळा रंग ऊब धरतो म्हणून एरवी अशुभ मानलेला तो रंग संक्रांतीला मानाचा ठरला. आमच्याकडे ती ऊब कोणालाच नको असते, तरी माझी पत्नी आईची चंद्रकळा नेसते, ती संध्याकाळी वारा सुटल्यावर. रथसप्तमीला अंगणात गोवऱ्या पेटवून दूध उतू घालण्याची पद्धत मात्र सोडून द्यावी लागली, कारण उन्हाळ्यात वणव्यांच्या भीतीने ज्या दिवशी संपूर्ण अग्निबंदी जाहीर होते त्या दिवशी उघड्यावर विस्तव पेटवणे हा गुन्हा असतो. आम्ही घरात गॅसवर दूध ठेवतो आणि ते पूर्वेकडे उतू जाईल अशा बेताने पातेले किंचित कलते ठेवतो.

भारतातून येताना खाण्याचे काहीही आणले तर विमानतळावरच्या अर्जात ते लिहून दाखवा, मग तो तिळगुळाचा एक लाडू का असेना. ऑस्ट्रेलियाचे नियम फार कडक आहेत. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात. लपवलेल्या वस्तूसाठी मात्र जबर दंड होतो. माझ्या आईच्या पिशवीतली बोरे पहिल्या वर्षी अशीच गेली. तिने ती नाशकाहून निवडून आणली होती, आणि ती टाकून दिली जात असताना ती ज्या नजरेने पाहत होती ती मी विसरलेलो नाही.

दुबईतल्या मुलाची आई, इंदिरानगर

सामानाचा विषय निघाला आहे म्हणून कळकळीने सांगते. गुळाच्या पोळीच्या सारणात आपण खसखस घालतो. संयुक्त अरब अमिरातीत खसखस नेण्यास बंदी आहे आणि तो गंभीर गुन्हा मानला जातो. सिंगापूरलाही ती चालत नाही. मुलाकडे जाताना मी सारण नाशकातच करून नेणार होते. शेजारणीने वेळेवर सावध केले नसते तर काय झाले असते याची कल्पनाही करवत नाही. आता मी तीळ, भाजलेले बेसन, थोडे सुके खोबरे आणि जायफळ एवढ्यावरच सारण करते. चवीत थोडा फरक पडतो, पोळी मात्र तशीच खुसखुशीत होते.

येवलेकर

आमच्या गावात भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस कोणी जमिनीवर नसते. सारे गाव धाब्यावर आणि गच्चीवर असते. आसारीवरचा, म्हणजे मांजाच्या चक्रीवरचा, दोरा सरसर सुटत असतो आणि हलकडी हे वाद्य वाजत असते. येवल्याबाहेर राहणाऱ्या माणसाला पैठणीची आठवण लग्नसराईत येते, पतंगाची मात्र दरवर्षी न चुकता येते. ताई, तुमच्याकडे पतंग उडवता येतो का? माझा धाकटा भाऊ जर्मनीत असतो. आम्ही त्याला आसारी पाठवली आहे, पण ती त्याने भिंतीवर टांगून ठेवली आहे. नायलॉनचा मांजा मात्र कोणीही, कुठेही वापरू नये, ही विनंती या निमित्ताने सर्वांना करतो. त्यावर बंदी असूनही दरवर्षी पक्षी आणि माणसे जखमी होतात.

सिडकोतील वाचक

मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. परदेशातल्या मंडळींना नाशकात सारे जसेच्या तसे चालू आहे असे वाटते, पण तसे राहिलेले नाही. आमच्या इमारतीत तिळगूळ दुकानातून येतो, वाण प्लास्टिकचे असते, आणि हळदीकुंकवाला आलेली बाई चपला न काढता दारातूनच परत जाते, कारण तिला त्या संध्याकाळी आणखी अकरा घरे करायची असतात. ताई तीन दिवस हलव्यावर पाक घालणार आहेत. आमच्या पूर्ण इमारतीत यंदा हलवा करणारी एकही बाई नाही, मीसुद्धा नाही. मुभा असणे चांगले, हे मान्य. पण त्याच मुभेमुळे आम्ही गावात राहूनही सण पातळ केला, हेही तितकेच खरे आहे. म्हणून शनिवारचा प्रश्न मला दुय्यम वाटतो. आलेल्या बाईला बसवून घेता का, हे मी विचारीन.

आणि दुसरा प्रश्न असा की तुमच्याकडे विधवा बायकांना बोलावतात का? माझी मोठी जाऊ गेली चार वर्षे संक्रांतीच्या दिवसांत संध्याकाळी दार लावून बसते.

तिवंध्याच्या काकू

सिडकोतील ताई, तुमच्या जाऊबाईंना माझ्याकडे पाठवा. पत्ता निरोपातून कळवते. मी स्वतः नऊ वर्षांपूर्वी विधवा झाले. पहिली दोन वर्षे मीही दार लावून बसले होते. तिसऱ्या वर्षी सूनबाईने हळदीकुंकवाच्या दिवशी मला पाटावर बसवून आधी माझ्या कपाळी कुंकू लावले आणि मग दार उघडले. आलेल्या बायकांपैकी दोघी काही न बोलता निघून गेल्या, त्यातली एक पुढच्या वर्षी परत आली. आता आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकीला वाण मिळते, आणि मला कोणी तिळगूळ द्यायचा चुकवत नाही. यासाठी परदेशात जावे लागत नाही.

पंचवटीची लेक

सर्वांचे मनापासून आभार. शिक्षकमहाशयांनी केलेला भेद मला फार पटला. मी जे नकळत करत होते त्याला आता आधार मिळाला. सूर्यास्तच होत नसलेल्या, कारण सूर्योदयच झालेला नाही, अशा गावात पुण्यकाळाचा नियम लावायचा कसा, याचा विचार मात्र मी अजून करते आहे. तोवर ती गुलाबी कड हाच आमचा पुण्यकाळ.

सिडकोतील ताईंचा प्रश्न महत्त्वाचा आहे. आमच्या गावात मराठी घरे इतकी थोडी आहेत की कोणाला वगळणे परवडणारच नाही. माझ्याकडे मराठी मैत्रिणींबरोबर गुजराती आणि तमिळ शेजारणी येतात, तसेच वरच्या मजल्यावरच्या सत्तरीच्या नॉर्वेजियन आजी येतात, ज्यांचे पती पूर्वीच वारले. कुंकू आधी त्यांनाच लावते. पहिल्या वर्षी मी मनात घुटमळले होते, हे कबूल करायला हवे. आईने जपलेली रीत आपण मोडतो आहोत का, असे वाटले होते. त्या मात्र कपाळावर कुंकू घेऊन, वरचा लोकरी कोट न काढता दोन तास बसल्या, तीन लाडू खाल्ले आणि लहानपणी सूर्य परत येण्याच्या दिवशी त्यांची आई खिडकी कशी पुसून ठेवायची ते सांगत राहिल्या. तमिळ शेजारीण संक्रांतीच्या सुमारासच पोंगल करते आणि तिच्याकडे भांड्यातून दूध उतू गेले की सारे आनंदाने ओरडतात. आपल्या रथसप्तमीच्या दुधाची ती सख्खी बहीणच वाटते.

वाणाविषयी कोणी विचारले नाही, तरी सांगते. येथे अंधाराच्या महिन्यांत पायी चालणारा प्रत्येक जण कोटाला प्रकाश परावर्तित करणारी लहान पट्टी किंवा पदक लटकवतो, म्हणजे गाडीच्या दिव्यात तो दुरून चमकतो. काळ्या चंद्रकळेवर काळा कोट घालून मी बाहेर पडले तर मी कोणालाच दिसणार नाही, हे लक्षात आल्यावर गेल्या तीन वर्षांपासून मी वाण म्हणून हीच पदके देते. मागच्या हिवाळ्यात थांब्यावर उभी असताना बस वळली आणि तिच्या उजेडात समोरच्या फुटपाथवर चार ठिपके एकदम चमकले. चौघी माझ्याकडच्या हळदीकुंकवाला आलेल्या होत्या.

येवलेकर दादा, आमचा विमानतळ गावाच्या बेटावरच असल्यामुळे पतंगाच्या वाटेला मी जात नाही. तुमच्या भावाला मात्र आसारी भिंतीवरून काढायला सांगा. त्यांच्या गावात मोकळे मैदान नक्की असेल.

पंचवटीची लेक (पाच दिवसांनंतर)

काकू, तुम्ही सांगितले तसेच केले. पहिल्या दिवशी तीळ नुसते मळकट पांढरे झाले, आणि एकदा घाईने दीड चमचा पाक घातला गेल्यामुळे निम्मे दाणे चिकटले. ते बोटांनी सुटे करत बसले. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराचा हीटर बंद केला, खिडकी जराशी किलकिली केली आणि परातीसमोर पुठ्ठा उभा करून वारा अडवला. मुलगी स्वेटर घालून शेजारी बसली आणि चमचे मोजत राहिली. आज तिसरा दिवस. एकशे बाराव्या चमच्यानंतर तिने एक दाणा उचलून दिव्याखाली धरला आणि म्हणाली, याला दात आले. मी पाहिले तर खरोखरच दाण्याभोवती बारीक बारीक टोके उभी राहिली होती, अगदी आजीच्या डब्यातल्या हलव्यासारखी. माझ्या तर्जनीला फोड आला आहे.

दागिन्यांपुरता हलवा होणार नाही, पण बाळाच्या मुकुटाला आणि एका हाराला पुरेल. बोरन्हाणाला बोरांऐवजी येथील लाल लिंगोनबेरी आणि चुरमुरे वापरणार आहे. बाळ सव्वा वर्षाचे असल्यामुळे टणक काही तोंडात जाऊ नये म्हणून हलवा अंगावर घालायचा, डोक्यावरून ओतायचा नाही, असे ठरवले आहे. सुगड म्हणून तुमचे ऐकून आजीचा पितळी गडू काढला आहे. चिंचेने घासला, आता चकाकतो आहे.